दिवे घाट, साडेचारशे किलो पनीर आणि विजेचा टेम्पो : १४ महिन्यांचा अनुभव

ही गाडी मी २०२४ च्या दिवाळीत घेतली. आज मीटरवर २७ हजार ४०० किलोमीटर आहेत. ड्रायव्हर ठेवलेला नाही, रोज मीच चालवतो. खाली दिलेले आकडे डॅशबोर्डच्या खणातल्या शंभर पानी वहीतले आहेत. निघताना किती टक्के, हडपसरला किती, घाटाखाली किती, घरी आल्यावर किती, एवढं रोज लिहायचं अशी सवय पहिल्याच आठवड्यात लावून घेतली. गाडी घेण्याआधी मी अशा नोंदी खूप शोधल्या होत्या आणि मला मिळाल्या नव्हत्या. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आमचं गाव दिवे, तालुका पुरंदर. पुण्याहून दिवे घाट चढून आलं की सासवडच्या अलीकडे लागतं. घरचा पनीर, चक्का आणि दह्याचा धंदा आहे. माल पुण्यातली हॉटेलं, केटरर आणि मिठाईवाले घेतात. पहाटे चारला निघायचं, घाट उतरून भेकराईनगर, हडपसर, मगरपट्टा, कॅम्प, स्वारगेट, बिबवेवाडी, कोंढवा असं करत उंड्रीवरून मंतरवाडी चौकात सासवड रस्त्याला लागायचं आणि घाट चढून घरी. रोजचे ७५ ते ७८ किलोमीटर होतात. निघताना साडेचारशे किलोच्या आसपास माल असतो, येताना रिकामे क्रेट. आठवड्यातून एकदा मार्केट यार्डातून सरकी पेंड भरून आणतो.

आधी १२ वर्षं डिझेलचा छोटा हत्ती होता. त्या गाडीनं घर उभं केलं, तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

नवीन गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्या अडचणी आल्या त्यातल्या बऱ्याचशा गाडीच्या नव्हत्या. ज्या गाडीच्या होत्या, त्या दुसऱ्या कंपन्यांचे असलेच टेम्पो चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांनाही आल्या. एवढं सांगतो : चार चाकी आहे, एक टनाच्या आतला माल नेते, मागे बंद कंटेनर आणि त्याला आतून पफचं, म्हणजे गारवा टिकवणाऱ्या फोमचं अस्तर. बॅटरी साधारण २१ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत तिच्या पोटात २१ युनिट मावतात. प्रकार एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट.

आता किलोमीटर. टाटाची एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली तेव्हा २१.३ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर १५४ किलोमीटर असा कागदावरचा आकडा होता. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तिचा आकडा १६०. जून २०२५ मध्ये टाटाचीच एस प्रो आली. तिची बॅटरी १४.४ ची आहे आणि आकडा १५५, कारण ती गाडीच लहान आणि हलकी. हे आकडे कुणी खोटे लिहीत नाही. ते चाचणीतले असतात, गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगानं आणि ठरलेल्या वजनानं मोजलेले. पण गिऱ्हाईक ते वाचतं आणि डोक्यात आपला रस्ता धरून बसतं. मीही तेच केलं होतं. रोजचे ७८ आहेत, १५० मिळणार, म्हणजे एका चार्जिंगमध्ये दोन दिवस निघतील, असा हिशोब मी बायकोला सांगितला होता. तो एकही दिवस जमला नाही.

माझ्या रस्त्यावर, माझ्या वजनाला, ही गाडी शंभर टक्क्यांत १०५ ते ११० किलोमीटर जाते. रिकामी चालवली आणि घाट टाळला तर १३० पर्यंत. थंडीत भरलेली असेल तर शंभरच धरा.

वहीतला एक साधा दिवस उतरवून देतो. घरून निघताना ९० टक्के. घाटमाथ्यावर ८६. घाट उतरून वडकीला आलो की ८८. हडपसर गाडीतळ ७६. सगळी हॉटेलं उरकून मंतरवाडी चौकात परत आलो की ३६. घाटाच्या पायथ्याला ३०, घाट चढून वर २२ आणि दारात १९. म्हणजे ७८ किलोमीटरला ७१ टक्के गेले.

यात घाटाची गोष्ट नीट बघा. उतरताना गाडी दोन टक्के परत देते आणि तोच घाट चढताना आठ टक्के घेते, तेही रिकामी असताना. मागे पेंडेची सात पोती असतील तर दहा घेते. उतारावर पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते, गाडीला मागून कुणी धरल्यासारखं वाटतं आणि बॅटरीत थोडं थोडं परत जातं. शोरूममध्ये मला सांगितलं होतं, "घाटात तर तुमचं चार्जिंग होत राहणार." होतं, पण दोन टक्के. चढण आणि उतरण याची फिटंफाट होते असं कुणी म्हणालं तर त्याला चढतानाचा आकडा विचारा.

आणि ते दोन टक्के मिळायलाही बॅटरीत जागा लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री शंभर टक्के करायचो. डिझेलची टाकी फुल करून निघायची सवय, तीच इथं. आमचं घर घाटमाथ्यापासून जेमतेम चार किलोमीटर. शंभरनं निघालो की घाटाच्या तोंडाशी ९६. एवढ्या भरलेल्या बॅटरीत गाडी उतारावरची वीज घेत नाही, किंवा अगदी नावाला घेते. त्यामुळे पाय उचलला तरी गाडीला धर येत नाही, ती नुसती सुटते. मागे साडेचारशे किलो. डिझेलच्या गाडीत दुसऱ्या गिअरवर टाकून इंजिनच्या जोरावर उतरायचो, इथं गिअरच नाही. सगळा भार ब्रेकवर. तिसऱ्या दिवशी वडकीला पहिल्या वळणावर गाडी बाजूला घेतली तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. हात जवळ नेला तर धग लागत होती. पाणी न टाकता वीस मिनिटं उभा राहिलो. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकते.

त्या दिवसापासून ९० च्या वर चार्ज करत नाही. ९० नं निघालो की घाटात गाडी व्यवस्थित धरते, चार-पाच वळणं सोडली तर ब्रेकला पाय लावावा लागत नाही. आज २७ हजार किलोमीटरला तेच ब्रेक पॅड आहेत, डिझेलच्या गाडीत एवढ्यात दोनदा बदलले असते. घाटमाथ्यावर राहणाऱ्या आणि सकाळी भरल्या गाडीनं खाली उतरणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. महाबळेश्वर, भोरकडचा वरंधा, कुठलाही घाट असो.

पण ९० चं दुसरं टोक मला सहा महिन्यांनी कळलं. एप्रिलमध्ये एके दिवशी मंतरवाडीला ३४ दाखवत होते, घाटाच्या पायथ्याला २७, आणि चढताना मध्यावर १९ वरून एकदम ११. आकडा डोळ्यांदेखत पडला. समोर कासवाचं चित्र आलं आणि गाडीनं ताकद कमी केली, पंचविसाच्या वर जाईना. मागे वाहनांची रांग. कशीबशी वर आली. सर्व्हिसच्या पोरानं लॅपटॉप लावून समजावलं ते असं : या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज ९० ला आणि ३० ला जवळपास सारखंच असतं, त्यामुळे किती उरलंय हे गाडी आतबाहेर गेलेल्या विजेच्या हिशोबानं ठरवते. तो हिशोब रोज थोडा चुकत जातो. शंभरला नेऊन पूर्ण भरली की तिला पक्की खूण मिळते आणि हिशोब परत जुळतो. शिवाय आतले सेल एका पातळीवर येतात. पहिला आठवडा सोडला तर मी सहा महिन्यांत एकदाही पूर्ण भरलीच नव्हती.

म्हणून आता रविवारी रात्री शंभर करतो आणि सोमवारी आधी सासवडचा माल टाकतो, मग घाट. सासवड करून येईपर्यंत नव्वदाच्या खाली आलेली असते, घाटात धरते. सासवडच्या हॉटेलवाल्यांना सोमवारी माल लवकर मिळायला लागला, ते खूश आहेत.

डॅशबोर्डवर "इतके किलोमीटर जाईल" असाही आकडा येतो. तो बघायचं मी सोडून दिलंय. घाट उतरून आलं की १२० दाखवतो, चढून आलं की २०. तो मागच्या काही किलोमीटरवरून पुढचा अंदाज बांधतो, त्याला पुढं काय आहे ते माहीत नसतं. टक्केवारी बघा आणि आपल्या रस्त्याचे आपले टप्पे पाठ करा.

चार्जिंगबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण खरी झळ मला तिथं बसली.

गाडी घेताना सांगितलं गेलं, "घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर लावा, सहा-सात तासांत फुल." आमच्याकडे पडवीत पिठाच्या चक्कीसाठी असा पॉइंट होता. तिथंच लावली. पहिले पंधरा दिवस चाललं. मग एका रात्री दहाला चार्जिंगची गन लावून झोपलो आणि साडेतीनला उठून बघतो तर ३१ टक्के. चार्जरवर लाल दिवा. मी काढून परत लावली, हिरवा लागला, मिनिटभरानं परत लाल. मालाचे क्रेट भरून तयार. त्या दिवशी केटररचा मोठा माल होता, लग्नतिथ होती.

घाट उतरून ३१ चे ३० राहिले आणि हडपसरला १७. तिथून पुढं जायची हिंमत नव्हती. मोबाइलवर जवळचं चार्जिंग स्टेशन बघितलं, ते एका आवारात होतं आणि फाटकाला कुलूप, सात वाजता उघडणार. दुसरीकडं गेलो तर गन एका कारला लावलेली, गाडीत कुणीच नाही. तिसऱ्या ठिकाणी मिळालं, तोवर सव्वासहा झाले होते आणि बॅटरी ११ वर आली होती. तासभर उभा राहिलो. कंटेनरमधले जेल पॅक वितळायला लागले होते. दोन हॉटेलांनी वाट बघून दुसऱ्याकडून माल घेतला, साठ किलो पनीर परत घरी आणलं. केटररनं ऐकून घेतलं, पण त्याच्या आवाजावरून कळलं की पुन्हा असं चालणार नाही. बारा वर्षांत माझ्याकडून वेळ चुकली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

गावातल्या नाना वायरमनला बोलावलं. त्यांनी चार्जर बघितलाच नाही. मल्टिमीटर काढला, एक काडी न्यूट्रलला, एक अर्थला. २६ व्होल्ट.

"तुझं अर्थिंग कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाना, बोर्डाला तीन वायरी आहेत की."

ते भिंतीमागं गेले, तिसरी वायर ओढून बघितली. ती विटांच्या फटीत खोचलेली होती, पुढं काहीच नाही. घर बांधलं तेव्हापासून तशीच. "पंखे, टीव्ही, चक्की काही बोलत नाही रे," ते म्हणाले, "ही गाडी बोलती."

गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो, म्हणजे गळलेल्या विजेला जमिनीत जायला वाट आहे का ते बघतो. अर्थिंग नीट नसेल तर तो वीज घेत नाही, आणि घेऊही नये, कारण गाडीचा सगळा सांगाडा लोखंडाचा आहे आणि आपण ओल्या पायांनी दार उघडतो. आधी पंधरा दिवस चाललं ते पावसानं भिंत आणि जमीन ओली होती म्हणून. ती वाळली आणि चार्जर बंद पडला.

नानांनी गोठ्यामागं पाच फूट खड्डा घ्यायला लावला. आमच्याकडे वर हातभर माती आणि खाली मुरूम, पहारीनं खणायला दीड दिवस गेला. त्यात भोकं पाडलेला लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडं मीठ असे थरावर थर, वर माती, आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी ओतायला विटांचा छोटा हौद. तिथून जाड पट्टी पडवीपर्यंत. मल्टिमीटरवर दीड व्होल्ट. नाना म्हणाले तीनच्या आत असलं की झालं. त्याच दिवशी त्यांनी चक्कीचा सॉकेटही उचकटून दाखवला : आतला पितळी भाग काळा पडला होता आणि प्लगची एक पिन पिवळी. चक्की पंधरा मिनिटं चालते, गाडी सलग सहा तास १५ अँपिअर ओढते. अडीच एमएमची वायर काढून मीटरपासून थेट चार एमएमची ओढली, जास्त भार आला तर पडणारा वेगळा एमसीबी, गळती झाली तर तोडणारा आरसीसीबी आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट. सगळं मिळून साडेआठ हजार रुपये झाले.

मार्चअखेरीस व्होल्ट परत सहावर गेले, मुरूम वाळला होता. तेव्हापासून उन्हाळ्यात एक दिवसाआड बादलीभर पाणी त्या हौदात. आई सकाळी तुळशीला पाणी घालते, तिनंच ते काम आपल्याकडे घेतलंय. त्यानंतर आजपर्यंत चार्जरला रात्री लाल दिवा लागलेला नाही.

गाडी विकणाऱ्यानं डिलिव्हरीच्या आधी घरी माणूस पाठवून हे तपासायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. मल्टिमीटरला दोन मिनिटं लागतात. साडेआठ हजार मी आनंदानं आधी दिले असते.

व्होल्टेजचीही एक बाब आहे. रब्बीत विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी आमच्याकडे १९० दाखवतं. चार्जर १५ अँपिअरच ओढतो, त्यामुळे २३० ला जिथं जवळपास साडेतीन किलोवॅट मिळतात तिथं १९० ला पावणेतीन. १९ पासून ९० पर्यंत जायला एरवी साधारण पाच तास लागतात, तिथं सहा-साडेसहा लागतात. म्हणून रात्री दहानंतर लावतो, तेव्हा व्होल्टेज २२० च्या वर असतं. दुसरी खेप असेल तर दुपारी घरी आल्या आल्या लावतो आणि चार वाजेपर्यंत वीस-पंचवीस टक्के वर येते, तेवढी सासवडला पुरते.

शहरातल्या फास्ट चार्जिंगवर कुणी धंदा उभा करत असेल तर त्यानं आधी चार गोष्टी बघाव्यात. पहिली, आपली गाडी किती घेते. मशिनवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, माझी गाडी त्यावर आठ-नऊच घेते, कारण बॅटरी लहान आहे आणि तिची घ्यायची मर्यादा ठरलेली आहे. १० पासून ८० पर्यंत जायला पावणेदोन तास. मागे कारवाला येऊन उभा राहतो, दहा मिनिटांनी विचारतो, "काका, किती वेळ?" आणि आकडा ऐकून चेहरा पाडतो. त्याचीही चूक नाही. दुसरी, उंची. मॉलच्या तळघरातली स्टेशनं आपल्या कामाची नाहीत, माझा कंटेनर त्या आडव्या दांडीखालून जात नाही. तिसरी, गन. माझ्या गाडीला सीसीएस-२ लागते, कारची तीच, म्हणून मिळते. तीनचाकी मालवाहू गाड्यांतल्या काहींना दुसरीच गन लागते आणि ती स्टेशनं वेगळी. चौथी, दर. मला बाहेर युनिटला १८ ते २२ रुपये पडले. घरी सगळे आकार धरून नऊच्या आसपास पडतं. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर असतो, वेगळा मीटर घेऊन तो लावता येतो. घरच्याच मीटरवर लावली तर महिन्याचे युनिट वाढून वरच्या टप्प्यात जातात आणि दर चढतो, हे आधी कागदावर मांडून बघा.

या १४ महिन्यांत मी बाहेर एकूण अकरा वेळा चार्ज केलं, त्यातलं निम्मं पहिल्या दोन महिन्यांत.

वेगाचा मी मुद्दाम प्रयोग केला. दोन रविवारी, तेवढाच माल, हडपसरहून सोलापूर रस्त्यानं यवतला. एकदा ४५ च्या वेगानं, एकदा ६५ नं. पहिल्यांदा २९ टक्के गेले, दुसऱ्यांदा ३८. कंटेनरचं तोंड भिंतीसारखं सपाट आहे, वाऱ्याला तेच अडवतं. वेळ वाचला बारा-तेरा मिनिटं. थंडीत, जानेवारीत पहाटे आमच्याकडे नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा रोजच्या रस्त्याला पाच-सहा टक्के जास्त जातात. पावसानं रस्ता ओला असेल तर दोन-तीन. टायरची हवा दर सोमवारी बघतो, पाच पौंड कमी असली तरी वहीत दिसते. गारव्यासाठी बॅटरीवर चालणारं यंत्र बसवून घ्या असा सल्ला मिळाला होता, नाही बसवलं. पफचा कंटेनर आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले जेल पॅक एवढ्यावर माल सकाळी अकरापर्यंत नीट राहतो, आणि ती वीज रस्त्याला वापरता येते.

घाटात रुंदीकरणासाठी ब्लास्टिंग असलं की काही तास वाहतूक बंद असते. तेव्हा कोंढव्याहून बोपदेव घाटानं, सासवडवरून फिरून येतो. दारात १२-१३ उरतात. एकदा पेंड भरलेली असताना ही वेळ आली, तेव्हा भिवरीच्या पुढं एका ओळखीच्याच्या गोठ्यावर तीन पोती उतरवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेली. रात्री आदल्या दिवशीच बंदची बातमी कळली तर ९० च्या ऐवजी ९५ करून निघतो आणि उतरताना सावकाश उतरतो.

पैशाचं थोडक्यात. रोज भिंतीतून १७ युनिट लागतात. बॅटरीत १५ जातात, दोन तापण्यात जातात. म्हणजे दीडशे रुपये. डिझेलची गाडी या रस्त्याला लिटरला १४ द्यायची, साडेपाच लिटर, पाचशे रुपये. दिवसाला साडेतीनशे, महिन्याचे २६ दिवस धरले तर नऊ हजारांच्या आसपास वाचतात. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट हे खर्च गेले ते वेगळेच. गाडी डिझेलपेक्षा महाग पडली, हप्त्यात महिना साडेसहा हजार जास्त जातात. उरलेलं माझं. २०१८ पासून बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, तो एक व्याप कमी झाला. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असतात, नाक्यावरचे पोलीस आता ओळखतात.

एकदा गाडीतला चार्जरच गेला. वॉरंटीत होता, एक रुपया लागला नाही, पण पार्ट यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस भाड्याचा टेम्पो, रोजचे अठराशे. डिझेलची गाडी कुठल्याही फिटरनं संध्याकाळपर्यंत चालू करून दिली असती. पार्ट तालुक्याला नाही तर निदान पुण्यात ठेवायला हवेत. ज्या माणसाचा माल नाशवंत आहे त्याला वॉरंटीचा कागद नऊ दिवस पुरत नाही. या एका गोष्टीसाठी मी या गाडीला पूर्ण मार्क देत नाही. घेणाऱ्यानं शोरूममध्ये ताकद आणि रंग विचारण्याआधी हे विचारावं की ऑनबोर्ड चार्जर आज तुमच्या स्टॉकमध्ये आहे का, दाखवा.

चालवायला मात्र ही गाडी मला मनापासून आवडते. पहाटे चारला गल्लीतून निघताना कुत्रीसुद्धा उठत नाहीत. आधी कॅम्पातल्या सोसायटीत माल उतरवताना वरून ओरडा यायचा, आता वॉचमन गेट उघडून आत घेतो. क्लच नाही, त्यामुळे हडपसरच्या गर्दीत तासभर अडकलो तरी डावा गुडघा दुखत नाही. बारा वर्षं तो दुखत होता. थांबत थांबत जाण्यात डिझेल जळायचं, इथं उभ्या गाडीला जवळजवळ काहीच लागत नाही. शहरातले खालचे चाळीस किलोमीटर ही गाडी ज्या मायेनं काढते तशी आजवर कुठली गाडी मी चालवली नाही.

गेल्या महिन्यात नीरेचे मेहुणे विचारायला आले होते. ते वाशीच्या मार्केटला भाजी नेतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणालो. जायलाच पावणेदोनशेच्या वर किलोमीटर, वाटेत बोरघाट, परत येताना तो चढायचा, आणि दोन ठिकाणी पावणेदोन तास उभं राहून भाजी वेळेवर पोचत नाही. थोडे रुसले, पण वही दाखवल्यावर पटलं.

चुलतभावाला हो म्हणालो. त्याचं दुधाचं काम आहे, सासवड, जेजुरी आणि मधल्या वाड्या, रोजचे ५५ किलोमीटर, घाट नाही, दुपारी गाडी चार तास दारात. त्याची गाडी अजून बुक व्हायची आहे. पण नाना येऊन जागा दाखवून गेलेत, गोठ्याशेजारी पाच फूट खड्डा खणून झालाय आणि कोळशाची दोन पोती काल येऊन पडलीत.